डब्ल्यूपीसीच्या कुंपणाचा तोच गाळा पुन्हा पुन्हा का बिघडतो?

इंदूरच्या बायपासकडच्या नव्या वसाहतींत कमरेएवढ्या भिंतीवर किंवा थेट जमिनीत खांब रोवून उभं केलेलं डब्ल्यूपीसीचं कुंपण आता बरंच दिसतं. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून ओढलेल्या फळ्या. वाळवी लागत नाही, रंग द्यावा लागत नाही, हे खरं. पण दोन-तीन उन्हाळे गेले की एखाद्या गाळ्यातली (दोन खांबांमधल्या भागातली) फळी पोट काढते, चिरते किंवा खोबणीतून निसटते. मिस्त्री येतो, फळी बदलतो, आणि पुढच्या मे महिन्यात तोच गाळा पुन्हा तसाच होतो.

याचं कारण फळीत क्वचितच असतं. ते फळीच्या टोकाशी सोडलेल्या (खरं तर न सोडलेल्या) जागेत असतं, नाहीतर खांबाच्या पायाशी. फळी बदलणं म्हणजे ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर बदलणं.

खालचं सगळं नेहमीच्या रचनेला धरून आहे: साधारण 1.8 मीटर, म्हणजे सहा फुटी गाळा. अ‍ॅल्युमिनियमचा किंवा लोखंडी चौकोनी खांब, त्याला खोबण. त्या खोबणीत वरून एकेक करून उतरवलेल्या फळ्या. तळाला यू-चॅनेल, वर टोपीपट्टी. फळ्या खांबावर थेट स्क्रूने ठोकल्या असतील तर काय वेगळं करायचं, ते त्या त्या जागी येईल.

लक्षणं

- दुपारी फळी बाहेर किंवा आत फुगते, पहाटे जवळजवळ सरळ असते.
- वरच्या दोन-तीन फळ्या खोबणीतून सुटतात, खालच्या जागेवर असतात.
- फळीचं टोक नेमकं स्क्रूपाशी चिरलेलं असतं.
- खांब पावसाळ्यात एकीकडे कलतो, उन्हाळ्यात परत येतो किंवा दुसरीकडे जातो.
- एकाच पट्ट्यात फळ्या मऊ पडून वाकल्यासारख्या दिसतात, आजूबाजूच्या मात्र सरळ.
- वारा सुटला की अख्खा गाळा खडखडतो.
- काळे ठिपके किंवा पांढुरकी भुकटी दिसते.

शेवटचं लक्षण आधी निकालात काढू. ठिपके म्हणजे पृष्ठभागावरची बुरशी. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश फळीच्या लांबीच्या दिशेने फिरवला की बहुतेक जातात. प्रेशर वॉशर वापरायचाच तर पंख्यासारखा फवारा लावा आणि फूटभर अंतर ठेवा. जवळून सरळ धार मारली तर प्लास्टिक निघून भुशाचे तंतू उघडे पडतात आणि पुढच्या पावसात दुप्पट बुरशी येते. ब्लीच आणि टॉयलेट क्लीनरसारखं आम्ल एकत्र कधीही वापरू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. पांढुरकेपणा उन्हाने येतो, त्याचा मजबुतीशी फारसा संबंध नसतो.

आता तपासण्या. क्रम सोडू नका. पहिल्या तीन तपासण्यांना एक पैसा लागत नाही आणि निम्म्याहून जास्त वेळा उत्तर तिथेच सापडतं.

1. पेन्सिल आणि दोरा

पहाटे ऊन यायच्या आधी, बिघडलेल्या गाळ्यातल्या तीन-चार फळ्यांवर दोन्ही टोकांना, खांबाच्या कडेला लागून पेन्सिलीने बारीक उभी रेघ मारा. दुपारी तीनला परत बघा. रेघ खोबणीच्या आत सरकून दिसेनाशी झाली असेल तर फळीला वाढायला जागा आहे, ती नीट वागते आहे. रेघ जागच्या जागी आणि फळी मात्र फुगलेली, तर दोन्ही टोकं खोबणीच्या तळाला टेकली आहेत.

एवढ्याशा जागेने एवढा फरक का पडतो, ते आकड्यांत बघितल्याशिवाय पटत नाही. पॉलिथिनच्या जातीच्या डब्ल्यूपीसीसाठी हिशेबाला दर मीटरमागे, दर अंश सेल्सिअसला 0.05 मि.मी. वाढ धरा. जानेवारीच्या पहाटे इंदूरमध्ये पारा 10 अंशांच्या आसपास असतो. मे महिन्यात हवा 40-42 अंश असली तरी गडद तपकिरी फळीवर अंगठा ठेवला तर भाजतो, ती 65 अंशांपर्यंत तापते. म्हणजे फरक 55 अंशांचा. 1.8 मीटर फळी तेवढ्यात जवळपास 5 मि.मी. वाढते. पावसाळ्यात भुसा थोडा ओलावा धरतो, त्याचे एक-दोन मि.मी. वेगळे.

ही वाढ अडली की फळी बाजूला फुगते, आणि ती फुगवट्यात कित्येक पटीने दिसते. दोन्ही टोकं पक्की अडलेल्या 1.8 मीटर फळीला फक्त 1 मि.मी. जागा कमी पडली, तर हिशेबाने मध्यावर 26 मि.मी. पोट येतं. 3 मि.मी. कमी पडली तर 45 मि.मी. म्हणजे पावणेदोन इंच फुगलेली फळी बघून माल खराब निघाला म्हणायचं आणि दोष जेमतेम दोन नाण्यांच्या जाडीचा असायचा! फुगवटा मोजायला फळीच्या दोन टोकांना दोरा ताणून धरा आणि मध्यावर पट्टी लावा. आकडा आणि तारीख खांबाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

2. खांबाच्या पायाशी पाणी कुठून येतं?

माळव्याची काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात अंगणात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच मातीच्या. सगळी जमीन एकसारखी ओली आणि एकसारखी कोरडी झाली तर कुंपण सगळंच थोडं वर-खाली होतं, फारसं बिघडत नाही. एकाच खांबाशी रोज पाणी पडलं की तेवढाच खांब वर उचलला जातो. मग गाळा चौकोनी राहत नाही आणि फळ्या तिरक्या होऊन अडतात.

म्हणून खणायचा विचार करण्याआधी खांबाभोवती फिरा. कूलरची ओव्हरफ्लो नळी कुठे सोडली आहे? एसीचं पाणी? आरओचं वाया जाणारं पाणी बागेत सोडायची चांगली सवय बऱ्याच घरांत आहे, पण ती नळी नेमकी कुंपणाच्या खांबाशी संपते. छताच्या पाइपाचा तोंडाजवळचा तुकडा निखळला असेल तर पावसाळाभर एकाच जागी धार लागते. कुंपणाला लागून वाफा असेल आणि त्याला रोज पाइपने पाणी घालत असाल तर तेही यातच धरा. नळ्या खांबापासून निदान दीड मीटर लांब न्या. नुसतं एवढं केल्यावरही कललेला खांब एखाद्या ऋतुचक्रात बराचसा जागेवर आलेला दिसतो, तेव्हा घाईने खणू नका.

याच फेरीत तळाची फळी बघा. जमीन आणि फळी यांत 40 ते 50 मि.मी. मोकळी जागा हवी. पालापाचोळा, कुंडीतून सांडलेली माती, नंतर घातलेली मुरुमाची भर यांनी ती बुजते आणि तळाचं चॅनेल कायम ओलं राहतं. चॅनेलला पाणी जायला 6 मि.मी.ची भोकं असतात, ती तारेने मोकळी करा. भोकं नसतीलच तर दर दोन फुटांवर एक पाडा. बोगनवेल चढवलेली असेल तर तिला स्वतंत्र तारा बांधून द्या. ओल्या वेलीचं ओझं आणि वाऱ्यातली ओढ हे कुंपण पेलण्यासाठी केलेलं नसतं.

3. समोरची काच

एकाच पट्ट्यात, साधारण वीतभर-हातभर रुंद जागेत फळ्या वितळल्यासारख्या वाकल्या असतील तर समोरच्या घराच्या खिडकीकडे बघा. परावर्तक काचेवरून आलेला उन्हाचा झोत फळीवर पडतो आणि ऊन थेट पडतं त्यावर त्याची भर पडते. प्लास्टिक मऊ पडायला तेवढं पुरतं. रोज ठरावीक वेळी तो उजेडाचा तुकडा कुंपणावर सरकत जाताना दिसेल. इथे फळी बदलून काही होणार नाही. आधी सावली करा: हिरवी शेडनेट, झाड, किंवा शेजाऱ्यांशी बोलून काचेवर बाहेरून जाळी. मगच फळी बदला.

4. स्क्रू, क्लिपा, टोपीपट्टी

खडखडाट बहुतेक वेळा इथला असतो. टोपीपट्टीचे स्क्रू सैल झाले की वरची फळी वाऱ्यात नाचते आणि तिच्या धक्क्याने खालच्यांची कड झिजते. ड्रिलने नाही, हाताच्या स्क्रूड्रायव्हरने आवळा. ड्रिलने आवळताना आटा कधी कापला गेला ते कळत नाही.

आटे गेलेल्या भोकात काडेपेटीच्या काड्या आणि फेव्हिकॉल हा लाकडावरचा जुना उपाय इथे चालत नाही, कारण पॉलिथिनला तो डिंक धरतच नाही. एक नंबर जाड स्क्रू घाला किंवा 30 मि.मी. सरकून नवीन भोक पाडा. स्क्रू एसएस (स्टेनलेस स्टील) 304 चेच घ्या. साधे पिवळे, मुलामा दिलेले स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजतात आणि फळीवर तांबडे ओघळ सोडतात. सियागंजात हार्डवेअरवाल्याकडे एसएस मागताना चुंबक बरोबर ठेवायला हरकत नाही. 304 चा स्क्रू चुंबकाला अजिबात नाहीतर अगदी किंचित धरतो. टचकन चिकटला तर परत करा.

फळ्या थेट स्क्रूने ठोकलेल्या असतील तर टोकापाशी चिरण्याचं कारण असं असतं: मिस्त्रीने स्क्रूच्याच मापाचं भोक पाडलं (किंवा पाडलंच नाही) आणि टोकापासून अर्ध्या इंचावर स्क्रू मारला. फळी वाढायला बघते, स्क्रू हलू देत नाही, चीर पडते. दुरुस्ती अशी. मधल्या खांबावरचा किंवा मध्यावरचा स्क्रू घट्ट राहू द्या, तो फळीला जागेवर धरतो. टोकांच्या स्क्रूंची भोकं 5 मि.मी.च्या स्क्रूला 7 ते 8 मि.मी.ची करा, वर रुंद वायसर टाका आणि वायसर टेकेल एवढंच आवळा. भोक टोकापासून निदान 30 मि.मी. आत.

5. खांब कुठून हलतो?

सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच, आणि ती नेहमी टाळली जाते. दोन माणसं लागतात. एकाने खांबाच्या माथ्याला धरून हळूहळू ढकलायचं-ओढायचं, दुसऱ्याने खाली बसून सांध्यावर बोट ठेवायचं.

खांब हलतो पण खालची पट्टी (बेसप्लेट) आणि काँक्रीट स्थिर आहे: खांब-पट्टीचा जोड किंवा वेल्डिंग गेलं आहे. पट्टी उचलली जाते, खाली चीर उघडते-मिटते: फास्टनर (पट्टी काँक्रीटला धरून ठेवणारे बोल्ट) सैल आहेत. खांबाबरोबर काँक्रीटचा गोळाच डोलतो आणि भोवती मातीत गोल फट दिसते: पाया गेला आहे. भिंतीचं कोपिंगच (माथ्यावरचा काँक्रीटचा थर) हलतं: थांबा, पुढचं वाचा आणि हात लावू नका.

मग ओळंबा सोडा. (इथल्या मिस्त्र्याला ओळंबा कळला नाही तर साहुल म्हणा, पहारीला सब्बल आणि खडीला गिट्टी.) 1.8 मीटर उंचीत 5-6 मि.मी. कल असेल तर सोडून द्या. 10 ते 20 मि.मी. असेल तर पायाशी दुरुस्ती करून सावरता येतो. 25 मि.मी.च्या पुढे खांब नव्याने रोवावा लागतो. गाळ्याची रुंदी वर आणि खाली अशी दोन्हीकडे मोजा. वर 12 मि.मी. जास्त आली तर वरच्याच फळ्या का सुटतात याचं उत्तर मिळालं: खोबण साधारण पाऊण इंच खोल, त्यात फळी आधीच कमी शिरलेली, खांब फाकले की टोक बाहेर. अशा गाळ्यात लांब फळी बसवून देणारे मिस्त्री आहेत. ती फळी पुढे खांब पावसाळ्यात मिटले की चेंगरते.

वाऱ्याचा जोरही कमी लेखू नका. 1.8 बाय 1.8 मीटरचा बंद गाळा म्हणजे सव्वातीन चौरस मीटरचं शीड. ताशी 72 किलोमीटरच्या वाऱ्यात त्यावर सुमारे 80 किलोंचा रेटा येतो, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. पावसाळ्याआधीच्या वळवाच्या वादळात कुंपणं पडतात ती म्हणूनच.

6. फळी बाहेर काढून दुरुस्त करणं

टोपीपट्टी उघडा आणि फळ्या वरून एकेक काढा. काढताना खडूने क्रमांक घाला, कारण झिजलेल्या कडा आपापल्या जोडीदारणीतच नीट बसतात. काम सकाळी करा, दुपारी अडलेल्या फळ्या हातोडीने ठोकल्याशिवाय निघत नाहीत आणि ठोकल्या की कड फुटते.

दोन्ही खोबणींच्या तळामधलं अंतर मोजा आणि फळीची लांबी मोजा. फरक किती हवा हे ऋतूवर ठरतं, आणि इथेच बहुतेक जण एकच आकडा धरून चुकतात. जानेवारीच्या सकाळी काम करत असाल तर एकूण 7 ते 8 मि.मी. फरक ठेवा. ऑक्टोबर-फेब्रुवारीच्या दुपारी 5 ते 6. मे महिन्यात तापलेल्या फळीला 3 पुरे. तापलेली फळी जानेवारीच्या हिशेबाने कापली तर थंडीत ती खोबणीत फार कमी उरते. कडक थंडीतही प्रत्येक टोकाचे निदान 12 मि.मी. खोबणीत राहायला हवेत.

बारीक दातांच्या करवतीने एकाच टोकाकडून कापा. ग्राइंडरची दगडी चकती वापरू नका, ती प्लास्टिक वितळवते आणि कडेला गाठ राहते. मास्क आणि चष्मा लावा. भुसा आणि तुकडे जाळू नका, फळी पीव्हीसीची असेल तर धूर फारच वाईट.

पीव्हीसीवरून आठवलं. बाजारात डब्ल्यूपीसी या एकाच नावाने दोन वेगळे माल मिळतात. कापलेल्या टोकाकडे बघा: बारीक बुडबुड्यांचा, हलका, पांढुरका किंवा पिवळसर गाभा असेल तर तो पीव्हीसीचा फोमबोर्ड. घरातल्या दारांना, किचनच्या कपाटांना तो उत्तम, उन्हातल्या कुंपणाला नाही. घट्ट, जड, भुशाचे कण दिसणारा गाभा, बहुधा आत पोकळ चौकटी, तो पॉलिथिनचा. चिकटवण्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. पीव्हीसीला पाइपाचं सॉल्व्हंट सिमेंट धरतं. पॉलिथिनला एम-सील, एपॉक्सी, काहीही लावलं तरी खरपुडीसारखं निघून येतं. तिथे चीर धातूच्या पट्टीनेच बांधावी लागते.

पद्धत अशी. चिरेच्या अगदी शेवटच्या टोकाला 4 मि.मी.चं आरपार भोक पाडा, म्हणजे चीर पुढे धावत नाही. मागच्या बाजूने 25 बाय 3 मि.मी.ची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, चिरेच्या दोन्ही बाजूंना 50 मि.मी. पुढे जाईल एवढी, एसएसच्या नट-बोल्टने बसवा. भोकं बोल्टपेक्षा 2 मि.मी. मोठी. पट्टी खोबणीत शिरता कामा नये. चीर वीतभराहून लांब असेल किंवा पोकळ फळीच्या आतला पडदा फुटला असेल तर या खटपटीत पडू नका, फळी बदला.

बदलण्याआधी एक फुकटचा उपाय: दोन्ही तोंडं सारखी असलेली फळी उलटी फिरवा, किंवा खराब फळी झाडांमागच्या गाळ्यात टाकून तिथली चांगली पुढे आणा. रंगही जुळतो. नवी फळी पहिले काही महिने उठून दिसते, उन्हाने ती हळूहळू बाकीच्यांत मिसळते. विकत घ्यायची तर दोन इंचांचा कापलेला तुकडा दुकानात न्या. जाडी, रुंदी, कडेच्या जिभेचा आकार आणि आतल्या पोकळ्यांची संख्या, चारही जुळलं तरच घ्या. जीभ अर्धा मि.मी. जाड असली तरी बसत नाही, आणि घासून बसवली की पाणी आत राहतं.

साधे ओरखडे 60-80 नंबरच्या पॉलिशपेपरने लांबीच्या दिशेने घासले की मिटतात. वरून प्लास्टिकचा वेगळा चकचकीत थर असलेल्या फळीवर मात्र हे करू नका. थर गेला की आतला भुसा उघडा.

7. भिंतीवरच्या पट्टीचे फास्टनर

भिंत नऊ इंची आणि वर आरसीसीचं कोपिंग असेल तरच घरी करा. सैल फास्टनर पुन्हा आवळल्यावर फिरतच राहिला तर भोक मोठं झालं आहे. तोच पुन्हा ठोकण्यात अर्थ नाही. जुन्या भोकाच्या शेजारी, कोपिंगच्या कडेपासून निदान तीन इंच आत, 12 मि.मी.चं 90 मि.मी. खोल भोक पाडा. तारेच्या ब्रशने आणि फुंकणीने दोनदा साफ करा. मग केमिकल अँकर (रॉड काँक्रीटला चिकटवणारं रसायन) भरून 10 मि.मी.चा एसएस रॉड फिरवत आत ढकला. केमिकल अँकर निसटतो तो धुळीमुळे. भोकात भुकटी राहिली तर रसायन काँक्रीटला नाही, भुकटीला चिकटतं. सुकायचा वेळ नळीवर लिहिलेला असतो, उन्हाळ्यात तो कमी होतो, म्हणून रॉड आधी कापून हाताशी ठेवा. पट्टीखाली पाणी साचत असेल तर पातळ रबरी गॅस्केट आणि कडेने सिलिकॉन, पण एक बाजू पाणी निघायला उघडी.

कोपिंग नसेल, थेट विटांत फास्टनर मारलेले असतील, तर ते कधीच टिकणार नाहीत. वीट फुटते. आधी कोपिंग ओतून घ्यावं लागेल.

8. खांब नव्याने रोवणं

कष्टाचं काम, पण योग्य ऋतूत केलं तर दोन माणसं एका दिवसात दोन खांब करतात. ऋतू म्हणजे दिवाळी ते रंगपंचमी. मे महिन्यात माती आकसून भेगाळलेली असते. तेव्हा ओतलेला पाया पावसाळ्यात चहूकडून दाबला आणि वर ढकलला जातो. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरतं आणि बाजू ढासळतात.

खणण्याआधी नर्मदेच्या पाण्याची लाईन, पाइपच्या गॅसची लाईन आणि अंगणातल्या दिव्यांची वायर कुठून जाते ते पक्कं करा. मीटर आणि व्हॉल्व्हपासून सरळ रेषेत अंदाज घ्या. जरा शंका असेल तर पहिला दीड फूट पहारीने नाही, खुरप्याने.

दोन्ही बाजूंच्या फळ्या काढा आणि शेजारच्या खांबांना तिरपे टेके द्या. नवा खड्डा 30 सें.मी. व्यासाचा, 90 सें.मी. खोल. मुरूम त्याआधी लागला तरी त्यात वीतभर शिरल्याशिवाय थांबू नका. बाजू सरळ आणि गुळगुळीत. शेवटच्या 20 सें.मी.त खड्डा खालच्या अंगाला 45 सें.मी.पर्यंत रुंद खरवडा, घंटेसारखा. फुगणारी माती पायाला वर उपटते, खालची घंटा त्याला धरून ठेवते. काळ्या मातीसाठी तळाशी फुगवलेले पाइल रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केले, तत्त्व तेच, आकार लहान.

नेहमीची चूक याच्या नेमकी उलटी असते: खड्डा वर तोंडाशी रुंद, खाली निमुळता, आणि वरून काँक्रीटची छत्री पसरलेली. माती फुगली की त्या छत्रीखाली हात घालून अख्खा खांब उचलते. खोल खणूनही खांब दरवर्षी वर येत असेल तर भोवती उकरून बघा, छत्रीच सापडेल.

वरच्या 40 सें.मी.त खड्ड्याच्या बाजूला प्लास्टिकचा जाड कागद दुहेरी लावा, म्हणजे माती काँक्रीटला पकडून वर ओढणार नाही. खांबाचं तोंड थेट मातीत टेकवू नका, खाली काँक्रीटचा तुकडा ठेवा. लोखंडी खांब असेल तर गाडला जाणारा भाग आणि जमिनीवरचा वीतभर भाग आधी बिट्युमेनने रंगवा. अ‍ॅल्युमिनियमलाही हाच लेप हवा, ओल्या सिमेंटचा अल्कलीपणा त्याला खातो.

एका खड्ड्याला 10 लिटरच्या बादलीने 2 बादल्या सिमेंट, 3 रेती, 6 गिट्टी (20 मि.मी.पर्यंतची), आणि पाणी दीड बादलीच्या आत. रेती ओली असेल तर आणखी कमी. सिमेंट साधारण 30 किलो लागतं, म्हणजे अर्ध्या गोणीहून थोडं जास्त. सळईने टोचत टोचत भरा, ओळंबा दोन बाजूंनी लावा, टेके घट्ट करा. माथा जमिनीच्या वर 30 ते 50 मि.मी. आणि खांबापासून बाहेर उताराचा. सात दिवस गोणपाट ओलं ठेवा, फळ्या त्यानंतरच चढवा. भोवतीची भर मुरुमाची, खणलेली काळी माती तिथे परत नको.

कुठे थांबायचं

भिंतीला 3 मि.मी.हून रुंद चीर असेल, भिंतच ओळंब्यात नसेल, किंवा साडेचार इंची भिंतीवर बंद कुंपण चढवलेलं असेल तर खांबाला हात लावू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. सलग तीन खांब एकाच दिशेने कलले असतील तर दोष जमिनीत आहे, एकेक खांब सरळ करून उपयोग नाही. भिंतीच्या दोन बाजूंना मातीची पातळी फूट-दीड फूट वेगळी असेल तर ती भिंत माती अडवते आहे, तेही इंजिनिअरचं काम. खांबातून दिव्याची वायर गेली असेल तर आधी इलेक्ट्रिशियन, मग मिस्त्री. गच्चीच्या कठड्यावरचं किंवा रस्त्याच्या अंगाचं सुटलेलं पॅनेल स्वतः काढायला जाऊ नका, खालून माणसं जात असतात. सामाईक भिंत असेल तर शेजाऱ्यांना दाखवल्याशिवाय एकही भोक पाडू नका. नंतर चीर आढळली तर ती तुमच्याच ड्रिलने पडली असं ठरतं.

ठेकेदाराकडून कोटेशन घ्याल तेव्हा त्यात फळ्यांची संख्या सगळेच लिहितात. खड्ड्याची खोली, तळाची रुंदी, सिमेंटच्या गोण्या, स्क्रूची जात आणि फळीच्या टोकाशी किती मि.मी. जागा सोडणार, हे पाच आकडे लिहून मागा. शेवटचा आकडा विचारल्यावर तो हसला तर दुसरं कोटेशन घ्या.